उन्हाळा, लहान मुले आणि आपले घर : एक अभ्यासपाठ

धम्म हा केवळ विहारात बसून ऐकण्याचा विषय नाही, तो घरात, अंगणात आणि रोजच्या व्यवहारात आचरण्याचा विषय आहे, हे आपण सर्वजण मान्य करतो. मग एप्रिल-मे महिन्यांच्या भर उन्हात आपल्या घरातील तीन-चार वर्षांचे मूल काय पिते, काय घालते, कोठे झोपते आणि दुपारी कोणाच्या नजरेखाली खेळते, हाही धम्माच्याच कक्षेतील प्रश्न ठरतो. करुणेचा पहिला अधिकार ज्याला स्वतःची तहान सांगता येत नाही त्याचा असतो. प्रस्तुत पाठात उन्हाळ्यातील साहित्य, आहार, खेळ, सहली आणि सुरक्षितता यांचा क्रमाने विचार केला आहे. पालकांनी तो घरात वाचावा आणि विद्यार्थ्यांनी आपल्या धाकट्या भावंडांसाठी वापरावा, ही अपेक्षा आहे.

१. सन १९०१ चा एक उन्हाळी प्रवास

या विषयाचा प्रारंभ बाबासाहेबांच्या बालपणापासून करणे योग्य ठरेल. बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणात, जे पुढे १९९३ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' मालेच्या बाराव्या खंडात समाविष्ट झाले, सन १९०१ मधील एका प्रवासाची हकीकत सांगितली आहे. त्यांचे वडील रामजी सुभेदार त्या वेळी सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलाव खोदण्याचे काम सरकारने काढले होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे, असे वडिलांनी कळविले. साताऱ्यातील घरात मोठी तयारी झाली. नवे सदरे, चकचकीत टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे आणि बरोबर फराळाचा डबा. सुटीतल्या प्रवासाला निघणाऱ्या कोणत्याही घरातील मुलांना जे हवे असते, ते सर्व या मुलांना मिळाले होते.

मसूर स्टेशनावर मुले सायंकाळी उतरली. वडिलांना पत्राचा निरोप न मिळाल्याने न्यायला कोणीच आले नव्हते. जात कळताच बैलगाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर गाडी मिळाली. वाटेत फराळाचा डबा उघडला, परंतु पिण्यास पाणी नव्हते. जवळचे डबके गुराढोरांच्या शेणमुताने भरलेले होते. मध्यरात्री जकात नाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. भरलेला डबा जवळ असून मुले उपाशी व तहानलेली झोपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास गोरेगावास पोहोचली. त्या वेळी भीमराव अवघे नऊ-दहा वर्षांचे होते.

या हकीकतीचा सामाजिक अर्थ आपण अनेकदा सांगतो आणि तो सांगितलाच पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ज्या हातांनी ओंजळीत घेतले, त्या हातांना ती रात्र आठवत होती, असे मानण्यास जागा आहे. ४ ऑगस्ट १९२३ चा बोले यांचा ठराव, १९२४ मधील महाड नगरपालिकेचा ठराव, १९२७ चा सत्याग्रह आणि १७ मार्च १९३७ रोजीचा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल, एवढा दीर्घ लढा पाण्याच्या एका घोटासाठी आणि त्यामागील माणुसकीसाठी द्यावा लागला. परंतु या हकीकतीत प्रत्येक आई-बापासाठी एक व्यवहारी धडाही आहे. कपडे होते, बूट होते, डबा होता, पण पाणी नव्हते. त्या मुलांना पाणी समाजाने नाकारले होते. आज आपल्या मुलाला ते केवळ आपल्या विसराळूपणामुळे मिळू नये, हे आपल्याला शोभणारे नाही.

२. लहान मुलाला ऊन अधिक का बाधते?

मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाच्या शरीराचे वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचे क्षेत्र जास्त असते. त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या शरीरात लवकर शिरते. त्याला घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो, म्हणजे शरीर थंड करण्याची यंत्रणा अपुरी असते. शिवाय खेळाच्या नादात ते तहान विसरते आणि तान्हे बाळ तर फक्त रडू शकते.

हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा अधिक वाढले, अथवा थेट ४५ अंशांवर गेले, तर उष्णतेची लाट मानली जाते. किनारपट्टीसाठी हा आकडा ३७ अंशांपासून धरतात. याचे कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. म्हणून चंद्रपूर-नागपूरच्या कोरड्या उन्हाचे नियम आणि मुंबई-रत्नागिरीच्या उकाड्याचे नियम पूर्णपणे सारखे नाहीत. विदर्भात मुख्य धोका लू लागण्याचा, तर कोकणात घामोळे, थकवा आणि घामावाटे क्षार जाण्याचा.

३. अंगावरचे आणि बरोबरचे साहित्य

उन्हाळी साहित्य म्हणजे महागड्या दुकानातील वस्तू, हा गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. पुढील बहुतेक वस्तू घरातच तयार होतात.

(१) कपडे : सैल, सुती आणि फिक्या रंगाचे असावेत. पांढरा रंग उन्हाचे किरण परतवतो. उपोसथाला आपण पांढरी वस्त्रे परिधान करतो, ती उन्हाळ्यातही उपयोगी ठरतात. बाहेर जाताना हात-पाय झाकणारे पातळ सुती कपडे उघड्या अंगापेक्षा बरे. तान्ह्या बाळासाठी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची झबली सर्वांत उत्तम. समारंभासाठी घेतलेले नायलॉनचे चमकदार कपडे दुपारी घालू नयेत.

(२) डोके : सर्व बाजूंनी काठ असलेली कापडी टोपी घ्यावी, कारण पुढेच झापड असलेल्या टोपीने कान व मान उघडी राहते. टोपी नसल्यास ओला करून पिळलेला पंचा किंवा दुपट्टा डोक्या-कानांवरून बांधावा.

(३) पाय : डांबरी रस्ता, विहाराच्या प्रांगणातील फरशी आणि लेण्यांचा कातळ दुपारी अक्षरशः भाजतो. मुलाला अनवाणी सोडू नये. चपला काढून ठेवण्याच्या ठिकाणी जाड सुती मोजे जवळ असावेत.

(४) पाणी : प्रत्येक मुलाची वेगळी बाटली असावी. बाटलीभोवती ओले फडके गुंडाळले की पाणी बराच वेळ गार राहते. पूर्वी प्रवासात जाड कापडाची छागळ वापरत, तिचे तत्त्व हेच होते. कापडातून झिरपलेले पाणी वाळताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते.

(५) पिशवीतील इतर वस्तू : जलसंजीवनीची म्हणजे ओआरएसची दोन पाकिटे, मीठ-साखर, स्वच्छ सुती फडकी, एक चादर, जखमेसाठी पट्टी, ताप मोजण्याची नळी आणि छत्री. मुलाच्या खिशात नाव, पालकाचे नाव व फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आणि बुद्ध पौर्णिमेच्या गर्दीत ही चिठ्ठी फार उपयोगी पडते.

(६) दुचाकीवरून नेताना : केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढलेल्या नियमानुसार चार वर्षांखालील मुलास चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट आवश्यक असून वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. भर दुपारी मात्र हेल्मेट असूनही हा प्रवास टाळावा. बंद मोटारगाडीत मुलाला पाच मिनिटेदेखील एकटे ठेवू नये. काचा लावलेल्या गाडीत उष्णता फार झपाट्याने वाढते.

४. पाणी आणि आहार

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देण्याची गरज नसते. आईचे दूधच पुरेसे असते, फक्त ते अधिक वेळा पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. बाळ पुरेशी शू करते की नाही, हे पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा. मोठ्या मुलाची लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडत आहे असे समजावे. मूल मागेल तेव्हा पाणी देणे पुरेसे नाही, खेळताना दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट पाजण्याची सवय लावावी.

आपल्या स्वयंपाकघरात उन्हाळ्याची पेये भरपूर आहेत : कैरीचे पन्हे, पातळ ताक, लिंबाचे सरबत, कोकम सरबत, नाचणीची किंवा ज्वारीची आंबील. कलिंगड, काकडी, ताडगोळे ही फळे घरी धुऊन, कापून लगेच द्यावीत. रस्त्यावरची उघडी कापलेली फळे आणि बर्फाचा गोळा टाळावा, कारण तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कळत नाही. शेंगदाणे, चिंचोके आणि जांभळाच्या बिया पाच वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत. त्या श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

उन्हाळ्यात जुलाब-उलट्या वाढतात. अशा वेळी ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण मिसळावे. अर्धे पाकीट आज, अर्धे उद्या असे करू नये. तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ मिसळावे. चमचा चहाचा असावा. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर द्रावण चमच्याने थोडे थोडे द्यावे. बाजारातील गोड पेये जलसंजीवनी नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. पाकिटावरचा मजकूर वाचून घेणे हे शिकलेल्या घराचे लक्षण आहे.

५. घर गार कसे राखावे?

आपल्यापैकी अनेक कुटुंबे पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या एका-दोन खोल्यांत राहतात. छताला बाहेरून चुन्याचा पांढरा हात दिला तर ऊन परतते. पत्र्यावर ओली गोणपाटे घातल्यानेही फरक पडतो. सकाळी दहानंतर उन्हाच्या बाजूची दारे-खिडक्या झाकाव्यात आणि संध्याकाळी उघडाव्यात.

माठ, वाळ्याचा पडदा आणि कूलर या तिन्हींचे शास्त्र एकच आहे. पाणी वाळताना उष्णता शोषून घेते. म्हणूनच हे उपाय कोरड्या विदर्भ-मराठवाड्यात चांगले चालतात आणि दमट मुंबईत कमी पडतात. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करून पाहावा. एक ओले व एक कोरडे मातीचे भांडे सावलीत ठेवून दोन्हींतील पाण्याचे तापमान दुपारी मोजावे. हवेचे तापमान ४० अंशांवर गेले की नुसता पंखा उपयोगी पडत नाही, उलट गरम हवा अंगावर आणतो. अशा वेळी मुलाचे अंग ओल्या फडक्याने पुसत राहावे.

कूलरबाबत दोन सूचना कटाक्षाने पाळाव्यात. पहिली, त्याचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि चालू कूलरला मुलाने हात लावता कामा नये, पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढावा. दुसरी, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून वाळवावी, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पाण्याचे पिंप व हौद झाकलेले असावेत. रांगणारे मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते, हे विसरू नये.

६. दिवसाची आखणी आणि खेळ

सुटीतील दिवसाचे चार भाग पाडावेत.

सकाळी ६ ते ९ : मैदानी खेळांची वेळ. लगोरी, लंगडी, आट्यापाट्या, दोरीवरच्या उड्या. विटीदांडू खेळताना लहान मुलांना बाजूला बसवावे, विटी डोळ्याला लागते.

सकाळी ९ ते १२ : घरातील हातकाम. तीन वर्षांखालील मुलांना पाण्याची वाटी, चमचा आणि रिकामे डबे एवढे साहित्यही पुरते, मात्र मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे. तीन ते सहा वर्षांची मुले मातीचा स्तूप करतील, पिंपळाच्या पानावर कागद ठेवून शिरांचा ठसा काढतील, पंचशील ध्वजाचे रंग कागदावर भरतील. सहा वर्षांपुढील मुले पुठ्ठ्याचा पंखा, कापडी टोपी किंवा आजी-आजोबांच्या आठवणींची वही तयार करू शकतात. आपले कुटुंब कोठून आले, कोण प्रथम शाळेत गेले, १९५६ साली घरातील कोण नागपुरास गेले होते, हे प्रश्न मुलांनी विचारावेत. ही वही उद्याचा इतिहास आहे.

दुपारी १२ ते ४ : बाहेर जाणे पूर्ण बंद. झोप, सागरगोटे, सापशिडी, वाचन आणि गोष्टी.

सायंकाळी ५ नंतर : पुन्हा मोकळा खेळ, झाडांना पाणी, पाखरांसाठी मातीच्या परळात पाणी भरणे. परळ रोज धुऊन भरण्याचे काम एका मुलाकडे सोपवावे. प्राणिमात्रांविषयीची मैत्री प्रवचनाने जितकी शिकवता येत नाही, तितकी ती या एका परळाने शिकवता येते. आंब्याच्या कोयी, चिंचोके, सीताफळाच्या बिया वाळवून जूनमध्ये पेरण्यासाठी जपून ठेवाव्यात.

निजण्यापूर्वी पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन शांत बसावे. विपश्यना केंद्रांत मुलांसाठी आनापानाची शिबिरे होतात, ती आठ वर्षांपुढील मुलांसाठी असतात. त्याहून लहान मुलांना घरीच, तेही खेळीमेळीने बसवावे. शेतावरच्या वप्पमंगल उत्सवात बाल सिद्धार्थ जांभळाच्या झाडाच्या सावलीत ध्यानस्थ बसला होता, हा प्रसंग त्या वेळी सांगावा.

७. उन्हाळ्यासाठी एक जातक

वण्णुपथ जातक या ऋतूला फार समर्पक आहे. बोधिसत्त्व एका व्यापारी तांड्याचा प्रमुख होता. वाटेत साठ योजनांचे वाळवंट लागले. दिवसा वाळू निखाऱ्यासारखी तापे म्हणून तांडा रात्री चाले आणि दिवसा सावली करून विसावे. शेवटच्या रात्री आता पोहोचलोच, असे समजून उरलेले लाकूड आणि पाणी टाकून देण्यात आले. नंतर वाटाड्या झोपी गेला, बैल उलटे फिरले आणि पहाटे पाहतात तो तांडा आदल्या मुक्कामावरच परत आलेला! सर्वजण हताश होऊन गाड्यांखाली आडवे झाले. बोधिसत्त्वाने मात्र शोध घेतला. एका जागी गवताचा हिरवा झुबका दिसला. खाली पाणी असले पाहिजे, हे ओळखून त्याने खणायला लावले. साठ हात खोल गेल्यावर खडक लागला आणि माणसांनी हात टेकले. बोधिसत्त्वाने खाली उतरून खडकाला कान लावला, आत पाण्याचा आवाज येत होता. त्याने एका तरुण सेवकाला धीर दिला. त्या पोराने घणाचा घाव घातला, खडक फुटला आणि पाणी उसळले.

या कथेतून मुलांना तीन गोष्टी विचाराव्यात. तांडा रात्री का चालत होता? पाणी टाकून देण्यात चूक काय झाली? गवत पाहून पाण्याचा अंदाज कसा आला? पहिल्या प्रश्नात उन्हाचे शास्त्र आहे, दुसऱ्यात सावधपणा आहे आणि तिसऱ्यात निरीक्षण व प्रज्ञा आहे. वीर्य पारमिता म्हणजे काय, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

८. सहल : कोठे आणि कशी?

बौद्ध लेणी ही आपल्या मुलांची मोकळी पाठशाळा आहेत. मुंबईकरांसाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी, पुणे-लोणावळा भागात कार्ले व भाजे, तर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अजिंठा. अजिंठा आणि कान्हेरी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी बंद असते. अजिंठ्याला स्वतःचे वाहन फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे बसने जावे लागते. हा वेळ धरून निघावे आणि लेणी उघडताच आत शिरून अकरापर्यंत परतावे. मुलांबरोबर एका दिवसात दोन-तीन लेणी पुरेत. सर्व पाहण्याचा हट्ट मोठ्यांचा असतो, त्रास मात्र मुलांना होतो.

कान्हेरीला गेल्यावर शिल्पांबरोबर कातळात खोदलेली पाण्याची टाकी अवश्य दाखवावीत. जुन्या ब्राह्मी लेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे आणि अनेक लेखांत पोढी दान दिल्याची नोंद आहे. पावसाचे पाणी चर खोदून टाक्यात आणायचे आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे, ही योजना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खुसंघासाठी झाली होती. पाणी देणे हे दान आहे, ही कल्पना आपल्याच वारशात कातळावर कोरलेली आहे, असे मुलांना तेथेच सांगावे. या टाक्यांच्या काठावर मात्र मुलाचा हात सोडू नये. नागपूरच्या दीक्षाभूमीस किंवा महाडच्या तळ्यास जाणाऱ्यांनीही सकाळची वा सायंकाळची वेळ निवडावी.

९. गावी गेल्यावर

सुटीत मुले आजोळी जातात. तेथे दोन धोके शहरातील मुलांना ठाऊक नसतात. पहिला पाण्याचा. विहीर, नदीचा डोह, खाणीतील खड्डा व शेततळे येथे मोठ्या, पोहता येणाऱ्या माणसाशिवाय मुलांना सोडू नये. पोहायला शिकवावे जरूर, भोपळा किंवा डबा बांधून शिकवण्याची जुनी रीत चांगली आहे, पण शिकवणारा पाण्यात असला पाहिजे. एक मूल बुडताना दुसऱ्याने उडी घेऊ नये. दोरी, काठी किंवा साडी फेकावी आणि मोठ्यांना हाक मारावी, हे मुलांकडून घोकून घ्यावे.

दुसरा धोका विंचवाचा. उन्हाळ्यात व पहिल्या पावसात तांबडा विंचू घरात शिरतो आणि त्याचा दंश लहान मुलास प्राणघातक ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा विंचूदंशावरील उपयोग सिद्ध करून असंख्य जीव वाचविले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. उपचार उपलब्ध आहे, म्हणून मंत्र-तंत्र, उतारा आणि मांत्रिक यांत एक क्षणही दवडू नये, मुलाला थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. अंधश्रद्धेचा त्याग बावीस प्रतिज्ञांच्या दिवशी वाचून दाखवायचा आणि मूल तळमळत असताना मांत्रिक शोधायचा, ही विसंगती आपण सोडली पाहिजे. बूट-चपला झटकून घालाव्यात, अंथरूण झाडून घ्यावे, मुलांना खाटेवर निजवावे.

१०. धोक्याची लक्षणे

मूल चिडचिडे किंवा मलूल झाले, तोंड कोरडे पडले, रडताना अश्रू येईनात, सहा तासांत लघवी झाली नाही, तर पाणी कमी झाल्याची खूण समजावी. सावलीत नेऊन ओआरएस द्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

अंग भट्टीसारखे तापले, ताप ४० अंश सेल्सिअसवर गेला, मूल बरळू लागले, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात होय. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा व जांघांत ओली फडकी ठेवावीत. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी उष्माघातावर चालत नाही, तिच्या भरवशावर थांबू नये.

११. आपल्या संस्थेने काय करावे?

ज्या घरात आई-वडील दोघेही रोजंदारीवर जातात, तेथील मुले दुपारभर तापलेल्या पत्र्याखाली किंवा रस्त्यावर असतात. वरील सर्व सूचना त्या घरासाठी अपुऱ्या आहेत, कारण त्या पाळायला घरात कोणी नसते. म्हणून हा प्रश्न एकट्या पालकाचा राहत नाही, तो समाजाचा होतो. आपली विहारे बहुतेक दुपारी कुलूपबंद असतात. एप्रिल-मे महिन्यांत ती १२ ते ४ या वेळेत मुलांसाठी उघडी ठेवावीत, अशी सूचना नम्रपणे मांडावीशी वाटते.

यासाठी खर्च फारसा नाही. दोन माठ, सतरंज्या, पंखे, गोष्टींची पुस्तके, ओआरएसची पाकिटे आणि रोज दोन जबाबदार माणसे. त्यांपैकी एक महिला असावी. महिला मंडळ, निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी वार वाटून घेतले, तर कोणावरही भार पडत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांची नोंदवही ठेवावी आणि मूल ओळखीच्या माणसाच्याच हाती द्यावे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या मार्गावर पाण्याचे ठिकाण असावे आणि तान्ह्या बाळांना कर्णकर्कश ध्वनिवर्धकांपासून व दुपारच्या उन्हापासून दूर ठेवावे. जयंतीच्या खर्चातील अल्पसा भाग जरी या दुपारच्या वर्गाकडे वळविला, तरी ते बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) सन १९०१ च्या प्रवासात मुलांजवळ कोणते साहित्य होते व काय नव्हते? त्याची कारणे लिहा.
(२) माठातील पाणी नागपुरात मुंबईपेक्षा अधिक गार का होते?
(३) घरगुती जलसंजीवनीचे प्रमाण सांगा आणि ती घरी करून दाखवा.
(४) वण्णुपथ जातकातील वाटाड्याची चूक आणि बोधिसत्त्वाचे वीर्य यांवर दहा ओळी लिहा.
(५) आपल्या वस्तीतील किती मुले दुपारी घरी एकटी असतात, याची पाहणी करून यादी संस्थेच्या कार्यालयात द्या.

यांतील पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर वहीत न राहता विहाराचे दार उघडण्यास कारणी लागावे, हीच या पाठाची अपेक्षा.

जयभीम! नमो बुद्धाय!